हौसा ऊर्फ मृणाल

रविवार. तू जाऊन आज अकरावा दिवस. काल गोदाघाटावर तुझा दहावा झाला.

हजर: दादा. आई, चाकाच्या खुर्चीसकट आणली होती, पण उन्हामुळे गाडीतच बसवून ठेवली. केतकी, पुण्याहून; जावयांना सुट्टी मिळाली नाही. पिंपळगावहून तुझा भाऊ बाळासाहेब आणि त्याची बायको. तुझ्या द्राक्षाच्या पॅकहाउसमधल्या चौदा बाया, एका टेम्पोत उभ्यानं. त्यांना आमच्यापैकी कुणी निरोप दिला नव्हता. माझे मिस्टर, पण ते गाडी लावायला जागा शोधत राहिले, म्हणून त्यांची अर्धी हजेरी. आणि मी, तुझी नणंद, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तीस वर्षं अंबडच्या कारखान्यात माणसांची हजेरी आणि पगार बघितला की अशी सवय लागते. तू हसायचीस. म्हणायचीस, "ताई, तुम्ही माझ्या मयतालासुद्धा हजेरीपट घेऊन याल." आले, वहिनी. पंचवीस पानांचा स्वयंपाक सांगितला होता, त्या चौदा बायांमुळे कमी पडला. तू असतीस तर पदर खोचून पीठ मळायला बसली असतीस आणि मला टोमणा मारला असतास की तुमच्या यादीत भूक कधी धरलेली नसते.

संकल्पाच्या वेळी गुरुजींनी विचारलं, "मृताचं नाव?" दादा म्हणाला, "मृणाल." त्याच वेळी मागून बाळासाहेब म्हणाला, "हौसा."

दादानं वळून पाहिलं.

"बघता काय दाजी? आमची हौसाच हाय ती. आमच्या घरातून मुरनाल नावाचं कोन गेलंच नाय."

गुरुजींचे त्या सकाळी अजून तीन दहावे बाकी होते. ते म्हणाले, "दोन्ही घेतो. पोचल्याशी मतलब." आणि एका श्वासात दोन्ही नावं घेऊन मोकळे झाले.

दोन नावांची बाई एकच आहे, हे मान्य करायला त्या माणसाला पाच सेकंद लागले. तेवढ्याच कामासाठी मी तुला वीस महिने ताटकळत ठेवलं आणि शेवटपर्यंत ते केलं नाही. हे मी त्यासाठी लिहिते आहे. तुझ्याबद्दल चांगलं बोलायला काल चौदा बाया पुरेशा होत्या.

ते नाव मीच दिलेलं होतं, तिथून सुरुवात करते.

तुझं लग्न ठरलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, तू माझ्याहून दीड वर्षानं मोठी. पत्रिकेवर 'चि. सौ. कां. हौसा' वाचलं आणि मला लाज वाटली. कॉलेजातल्या मैत्रिणींना काय सांगायचं, माझ्या वहिनीचं नाव हौसा? मी वहीच्या मागच्या पानावर नऊ नावं लिहिली, त्यातली पाच खोडली, उरलेली दादाला दाखवली. तो म्हणाला, "तुला आवडेल ते घाल." तुला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. ठाऊक होतं. तू नको म्हणाली असतीस तर यादी परत करावी लागली असती, म्हणून विचारलं नाही.

तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा दादानं 'म्रुणाल' लिहिलं. मी मागून कुजबुजले, "अरे, मृगातला मृ!" त्यानं तांदूळ बोटांनी सारखे केले आणि पुन्हा तेच लिहिलं. तुझी आई पुढे वाकली.

"काय नाव म्हनं?"

"मृणाल."

"मुरनाल?"

सगळा मांडव हसला.

"अगं माय, ते घशात अडकतंय. लय हौसेनं झालेली लेक माझी. काय वाईट हाय हौसात?"

तुझे वडील तिला म्हणाले, "गप. तिकडची झाली, आता तिकडचं नाव."

सगळ्यांत मोठ्यानं मी हसले होते. तू खाली मान घालून ताटाकडे बघत होतीस. मला तेव्हा वाटलं, लाजते आहे. तू दहावी शिकलेली होतीस. तुझं नाव काय झालं ते वाचायचा प्रयत्न करत होतीस, आणि दोनदा लिहिलेल्या त्या तांदळात ते कुणालाच वाचता आलं नसतं.

आणि एवढं करून ते नाव वापरलं कुणी? आईनं तुला सूनबाई म्हटलं. दादानं सदतीस वर्षं "अगं" म्हटलं. केतकीची तू आई. मी, जिनं हौसेनं नाव निवडलं, मी तुला वहिनीच म्हणत आले. पॅकहाउसमध्ये तू हौसाक्का. मृणाल म्हणून तुला हाक मारली ती रेशनकार्डानं, आधारनं आणि बँकेनं.

केतकी पाचवीत असताना दादाची कंपनी बंद पडली. तो सहा महिने गॅलरीत बसून होता आणि त्याच्याशी कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा घरात नियम झाला होता. तेव्हा बाळासाहेबानं तुला पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये लावलं. तू शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेलीस. त्यावर हौसा आणि तुझ्या वडिलांचं नाव. त्याच नावानं तुझी हजेरी लागली, पगार झाला, पुढे पीएफ कापला जायला लागला. माझं कामच ते, म्हणून मी म्हटलं, "वहिनी, नाव बदलून घे, पुढे त्रास होईल." तू म्हणालीस, "राहू द्या ताई. एका ठिकाणी तरी राहू द्या." मी त्याला आळस समजले. तुझ्या नॉमिनीचा कागद मी भरला. 'पती' लिहिलं आणि तुला फक्त सहीला बोलावलं. तिथेही विचारलं नाही.

सव्वीस वर्षं तू सकाळच्या एसटीनं नाशिकहून पिंपळगावला गेलीस. बाहेर एप्रिलचं ऊन, आत थंडगार खोली. दादाचा जुना तपकिरी स्वेटर घालून तू पेट्या मोजायचीस. येताना पिशवीत द्राक्षं असायची. "एक्स्पोर्टला नापास, खायला पास," हा तुझा दर वर्षीचा विनोद. मी कधीच हसले नाही. एखाद्या वर्षी हसायला हरकत नव्हती.

आपलं खरं भांडण पैशावरून व्हायचं, आणि ते अर्धंच राहिलं. मी तुझ्या मागे लागून म्युच्युअल फंडाची एसआयपी सुरू करून दिली. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता, बँक खातं दादाबरोबर जोडलेलं. तुझं मन भिशीत. पॅकहाउसच्या बाया दर महिन्याला पैसे गोळा करून एकीला द्यायच्या.

"वहिनी, भिशीत वाढ काय? महागाई खाऊन टाकते ते पैसे."

"भिशीत बाया दिसतात ताई. तुमच्या फंडात कोण बसलंय ते मला दाखवा, मग त्याच्याकडे देते."

"तो बघायचा नसतो. धीर धरायचा असतो."

"धीर मला शिकवता होय?"

मी तुला चक्रवाढ समजावून सांगितली. मी तुला अडाणी समजत होते, हे तुला दिसत होतं. तरी तू हप्ता कधी चुकवला नाहीस. चुकवायला काय झालं होतं? तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी तुझ्या फोनवर फंडाचा मेसेज आला: प्रिय मृणाल, आपला हप्ता जमा झाला आहे, आपल्या उज्ज्वल भविष्याच्या दिशेनं एक पाऊल. केतकीनं तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. भिशीवाल्या मात्र काल टेम्पो करून आल्या. त्या वादाचा निकाल तुझ्या बाजूनं लागला. मी लिहून देते.

आता देवळालीचं. दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपती उरकल्यावरच्या रविवारी तू म्हणालीस, "ताई, देवळाली कॅम्पात एक काम आहे, चला माझ्यासोबत." मला वाटलं, पडदे बघायचे असतील. बसमधून उतरून तू सरळ बाजाराच्या मागच्या गल्लीत गेलीस, आधी येऊन गेल्यासारखी. एका फौजीच्या विधवेचं बैठं घर, मागे एक खोली. एक खिडकी, मोरी, बाहेर पेरूचं झाड. ती बाई म्हणाली, "कमरा छोटा आहे मावशी, पण धूप बढिया येते. फायरिंगचा आवाज आला तर घाबरू नका, तोफांची प्रॅक्टिस असते."

तू म्हणालीस, "आमच्या घरात असतेच ती, फक्त तोफ खुर्चीत बसलेली असते."

ती हसली. माझ्या आईबद्दल बोलणं चाललंय हे कळायला मला अर्धं मिनिट लागलं.

"नाव काय लिहू?" तिनं विचारलं.

"हौसा," तू म्हणालीस. मागचापुढचा विचार न करता, शाळेतल्या हजेरीला ओ देतात तसं.

खोलीत तेव्हा तिचं सामान भरलेलं होतं. घाई नाही, तू म्हणालीस, मला अजून दीडेक वर्ष आहे. परतताना बसथांब्यावर मी तुला धरलं.

"वहिनी, काय आहे हे?"

"खोली आहे."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. अठ्ठावन्न पूर्ण झाली की काम सुटेल. मग इथं."

"दादानं काही केलं का?"

"तुमच्या दादांनी काय करायचं? त्यांनी कधी काही केलं नाही, तेच तर आहे."

"भांडण झालंय का?"

"नाही हो. मला एकदा सकाळी नऊपर्यंत झोपून बघायचंय. उठल्यावर चहा मला एकटीलाच करायचा. नाही वाटला, तर नाही करायचा."

"आणि आईचं कोण करील?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं, तसं म्हणालीस, "तुम्ही आहात ना. लेक आहात."

मग तू तुझा बेत सांगितलास. एसआयपीचे पैसे दादाच्या खात्यात दिसतील, ते त्यांना राहू देत, म्हणालीस. पीएफ माझा एकटीचा. त्यावर भाडं, जेवण, औषधं इतकी वर्षं निघतात. मला मांडून बघायला सांगितलंस. मी मांडलं, मनातल्या मनात, बस यायच्या आत. तुझं बरोबर होतं. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की म्हातारपणाची सोय आपली आपण करावी, मुलांच्या तोंडाकडे बघू नये. माझं ऐकून ते खरोखर करणारी, माझ्या माहितीत, तू एकटीच निघालीस.

"फक्त नावाचं तेवढं करून द्या," तू म्हणालीस. "आधारवर मृणाल, पीएफला हौसा. पैसे निघणार नाहीत म्हणतात. तुम्हाला येतं ना ते?"

येतं. कारखान्यात मी ते शेकड्यानं केलं आहे. सुरगाण्याकडच्या एका हमालाचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे होतं, त्याचं मी जेवणाच्या सुट्टीत मार्गी लावलं. तुझ्यासाठी लागणार होतं ते इतकंच: दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, लग्नाला हजर असलेल्या माणसाची साक्ष, पॅकहाउसचा शिक्का, आणि लग्नाचा एखादा पुरावा. लग्नाची नोंदणी तुमची झालेलीच नव्हती. हौसा या मुलीचं माझ्या भावाशी लग्न झालं, हे सांगणारा एकच कागद होता, ती पत्रिका. तुझ्याकडची पुराच्या पाण्यात गेलेली. माझ्याकडे असणारच, हे तुला माहीत होतं, कारण मी काही टाकत नाही.

मी म्हटलं, "शोधते."

पत्रिका माझ्या कपाटात हिरव्या फाईलमध्ये होती. फाईलवर 'लग्नं' असं लिहिलेलं आहे. शोधायचं काही नव्हतंच.

माझ्या वहीत दर रविवारी नवं पान सुरू होतं. मागच्या आठवड्यात जे झालं नाही, ते पुढच्या पानावर उतरवायचं. 'वहिनी: नावाचं काम'. काल रात्रीच्या जेवणाआधी मी पानं मोजली. सत्याऐंशी वेळा उतरवलेलं आहे. अक्षर प्रत्येक वेळी चांगलं आहे. माझ्या वहीत दुसरं कुठलंही काम चार पानांच्या वर टिकलेलं नाही.

का केलं नाही, ते तुला सरळ सांगते. आता तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. तू देवळालीला गेली असतीस, तर आई माझ्याकडे आली असती. आईचं डायपर बदलणं, तिच्या शिव्या खाणं, तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवणं. ते सगळं तू बारा वर्षं नोकरी सांभाळून करत होतीस, आणि ती माझी आई आहे. मी दर गुरुवारी संध्याकाळी फळं घेऊन यायचे, तासभर बसायचे आणि तिच्या औषधांची यादी फ्रिजवर चिकटवून जायचे. तुझं काम अडवून ठेवलं की माझा गुरुवार गुरुवारच राहणार होता. तुला नाही म्हणायचीही मला गरज पडली नाही. "शोधते" पुरलं.

तू विचारत राहिलीस.

"ताई, सापडली का?"

"माळ्यावर असेल. दिवाळीत काढते."

"तुमच्याकडे सुई हरवत नाही, अन् पत्रिका हरवली?"

एकदा तू तांदळाच्या ताटाचा फोटोच घेऊन आलीस, लग्नाच्या अल्बममधून काढून. "यात नाव आहे ना माझं, हे चालेल?" मी हसले. म्हटलं, "वहिनी, वकील म्हणेल, बाई, हे तांदूळ आहेत." तूही हसलीस. फोटो परत पर्समध्ये ठेवताना तुझा हात जरा वेळ पर्समध्येच राहिला होता. मी ते पाहिलं आणि चहा टाकायला आत गेले.

आणि हे सगळं मी कुणाशी केलं? माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तू एकवीस दिवस माझ्या घरी राहिलीस. सकाळी माझं आवरून पॅकहाउसला, तिथून आईकडे, तिथून माझ्याकडे. मला अंघोळ घालताना तू डोळे दुसरीकडे ठेवायचीस, म्हणजे मला लाज वाटू नये. मला सख्खी बहीण असती, तरी तिनं तेवढं केलं नसतं. एकविसाव्या दिवशी मी तुला स्टीलच्या डब्यांचा सेट दिला. तू म्हणालीस, "कशाला ताई." मी म्हटलं, "असू दे," आणि वहीत बरोबरची खूण केली.

गेल्या दिवाळीत माझी कामवाली आली नाही, म्हणून तू मदतीला आलीस. मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते, तू आतल्या खोलीत कपाट झाडत होतीस. तासाभरानं बाहेर आलीस, हात धुतलेस, चकली मोडून तोंडात टाकलीस आणि म्हणालीस, "हिरवी फाईल पण पुसून ठेवली हो ताई. आतले कागद चांगले आहेत. वाळवी नाही लागलेली."

मी झारा हलवत राहिले. तू म्हणालीस, "मोहन जरा कमी पडलंय," आणि निघालीस.

त्यानंतर तू एकदाही विचारलं नाहीस. एकदाही नाही. मला वाटलं, सुटले. नंतर वाटलं, ओरडशील. तू गुरुवारी नेहमीसारखा चहा दिलास, साखर नेहमीइतकी. वहिनी, ती पत्रिका तू उचलून का नेली नाहीस? तुझीच होती. पर्समध्ये घालून नेली असतीस, तर मी काय पोलिसांत गेले असते? मला ती माझ्या हातानं द्यायला लावायची होती का तुला? की मी कुठवर जाते ते बघत होतीस? तुझा हा मोठेपणा मला सहन होत नाही. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडले आहे. तू मला चोर म्हटलं असतंस, तर पुढच्या रविवारी काम झालं असतं. मी ओळखते स्वतःला.

एप्रिलमध्ये तुझं काम सुटलं. मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सकाळी तू गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस. दादा आत पेपर वाचत होता. त्याला वाटलं, बादली पडली. तो म्हणाला, "अगं, काय पाडलंस?" हे तोच सगळ्यांना सांगतो आहे, प्रत्येकाला, याच शब्दांत. मला त्याचं तोंड बंद करावंसं वाटतं.

सातव्या दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "अगं, तिच्या पीएफचं नावाचं काहीतरी अडकलंय म्हणे. बघशील का? आईला चोवीस तासांची बाई ठेवावी लागणार आहे. मला ते वळवणं-बिळवणं जमत नाही गं."

मी उठले, कपाट उघडलं, हिरवी फाईल काढली, पत्रिका त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "तू आहेस म्हणून गं. नाहीतर मी कुठं शोधत बसलो असतो?" प्रतिज्ञापत्र शुक्रवारी झालं. पॅकहाउसचा शिक्काही झाला, तिथला मॅनेजर तुझं नाव ऐकून उभा राहिला. एकूण अडीच दिवस लागले, त्यातला अर्धा नोटरी जेवायला गेला म्हणून.

मी मांडून बघितलं आहे. तुझ्या पैशांत आईला बाई चार-साडेचार वर्षं पुरेल. आई चौऱ्याऐंशीची आहे. म्हणजे तू जे सोडून जाण्यासाठी सव्वीस वर्षं साठवलंस, त्यातून तुझ्याच जागेवर दुसरी बाई बसणार आहे. ती उद्यापासून येणार आहे. दादानं तिला विचारलं, "नाव काय?" ती म्हणाली, "काही पण म्हणा साहेब, मागच्या घरी मावशी म्हणायचे."

काल जेवणं झाल्यावर तुझ्या बायांपैकी एक, शकुंतला, माझ्याजवळ आली. उंच, सावळी, एक दात नसलेली. हात पदराला पुसत म्हणाली, "तुमीच का त्या पत्रिकावाल्या ताई?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"हौसाक्का सांगायची. ताईकडं पत्रिका हाय, त्या देतील म्हनायची. त्यांची यादी लय मोठी असती, आपला नंबर येईल. आमी भिशीतून तिला चाकाची बॅग घेऊन दिली होती, काम सुटलं त्या दिवशी. खोलीवर जाताना लागंल म्हून." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आला नाय ना वो नंबर?"

चौदा बायांना माहीत होतं. तू त्यांना माझ्याबद्दल वाईट सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी काल तिला दोन शब्द सुनावले असते. टेम्पोत चढताना त्या सगळ्यांनी मला नमस्कार केला. तुझ्या नातलगांपैकी मी एकटीच होते जिला त्यांनी वाकून नमस्कार केला, आणि तो मला उभ्यानं घ्यावा लागला.

हे मी दादाच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते आहे. केतकी तुझं कपाट आवरते आहे. पंजाबी ड्रेस एका ढिगात, साड्या एका ढिगात. ती माझ्यावर गेली आहे असं तू म्हणायचीस, तेव्हा मला अभिमान वाटायचा. कपाटावरून तिला ती बॅग सापडली, किमतीचा कागद अजून लटकलेला. ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "आत्या, आई कुठं जाणार होती का?"

"का गं?"

"बॅग नवी आहे. आणि मागे एकदा मी तिला म्हटलं, पीएफ काढून अमेरिका बघून ये, तर म्हणाली, नको, त्याचं एक काम ठरलंय. काय काम होतं? कशासाठी साठवले होते तिनं?"

मी म्हणाले, "म्हातारपणासाठी, बाळा. सगळे साठवतात तसे."

ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. मी खोटं बोलले नाही. त्याहून वाईट केलं. खरं इतकं आखूड कापून दिलं की ते तिच्या काही उपयोगाचं राहिलं नाही.

उद्याची कामं वहीत लिहिली आहेत. पीएफचा अर्ज तयार आहे, दादाच्या सह्या झाल्या. 'हौसा ऊर्फ मृणाल या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून मी तिला लग्नापासून ओळखते' याखाली साक्षीदार म्हणून माझी सही झाली. एसआयपी थांबवायचं पत्र पाकिटात घातलं. नवीन बाईला आईच्या औषधांची यादी लिहून ठेवली.

केतकीची बस अकराची आहे. तिला सांगणं राहिलं आहे.